कौसामावशीचा ताणकाटा

कौसामावशीच्या दारात पार्सल आलं की ते आधी काट्याला लटकायचं. दाराच्या चौकटीत वर एक जाडजूड खिळा होता, खिळ्याला तिचा जुना ताणकाटा आणि काट्याखाली लोखंडी आकडा. पार्सलवाला तीन जिने चढून घामाघूम उभा असायचा, सहीसाठी मोबाइल पुढं धरलेला. आणि ही बाई खोकं सावकाश पिशवीत घालणार, पिशवी आकड्याला अडकवणार, चष्मा कपाळावर चढवून काट्यावरची रेघ वाचणार. वजन पटलं तर सही, नाही पटलं तर खोकं तिथंच त्याच्यासमोर उघडायचं. नवे लोक वैतागायचे. जुने मात्र आपणहून म्हणायचे, मावशी, पिशवी द्या, मीच अडकवतो.

माझी आणि तिची ओळख ह्या काट्यावरच झाली. आम्ही सिडकोतल्या त्या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात माझे पळायचे बूट आले. मी शाळेत, बायको बाजारात, म्हणून पार्सल समोरच्या दारात गेलं. संध्याकाळी मी ते घ्यायला गेलो तर पांढऱ्या केसांची, नऊवारीवर पुरुषी मनगटी घड्याळ घातलेली एक उंच बाई दारात उभी. नाव नाही, गाव नाही, पहिलाच प्रश्न, "मास्तर, तुला पाय किती?" मी म्हटलं, दोन. "मग बूट बी दोन पाहिजेत. ह्यात एकच हाय. मी सही केली नाय, तो खाली थांबलाय." खाली खरंच तो बिचारा स्कूटरवर बसून होता. खोकं उघडलं तर आत एक बूट आणि चुरगाळलेला कागद. मी खेळाचा मास्तर, आयुष्यभर शिट्टी वाजवून लोकांना गप्प केलेलं. त्या दिवशी माझी बोलती बंद झाली.

तो काटा तिच्या वडलांचा. फुलंब्रीकडच्या एका वस्तीत त्यांच्या मेंढ्या होत्या, आणि कातरलेली लोकर ह्याच काट्यावर तोलून विकली जायची. लोकर घेणारे व्यापारी आपला काटा घेऊन यायचे, आणि वडील म्हणायचे, तुमचा राहू द्या, आमच्यावर तोला. पाच भावंडांत ही एकटी शिकली. मेंढरांमागं चालता चालता पाठांतर करायची, असं ती सांगायची, आणि सांगताना मध्येच हसायची, कारण एका मेंढीला म्हणे बाराचा पाढा ऐकल्याशिवाय चैनच पडत नसे. पुढं बँकेत लागली. शेवटची बरीच वर्षं कार्डांच्या तक्रारी बघणाऱ्या विभागात काढली. निवृत्त झाली तेव्हा बँकेनं शाल दिली. ती शाल तिनं काम करणाऱ्या बाईला देऊन टाकली आणि दाराच्या चौकटीत हा काटा लावला.

निवृत्त झाली हे फक्त कागदावर. आमच्या इमारतीत, समोरच्या गल्लीत, पार मुकुंदवाडीपर्यंत कुणाचं ऑनलाइन काही अडकलं की माणूस कौसामावशीकडं यायचा. आला की त्याला आधी पाणी, मग एकच प्रश्न: "मधी कोण उभा हाय?" माणूस दुकानाचं नाव सांगायचा. ती म्हणायची, ते नव्हं, तुझं कार्ड आन् दुकान ह्यांच्या मधी कोण? माणूस गोंधळायचा. कारण आपण बटण दाबतो, एक निळं-पांढरं पान उघडतं, त्यावर कार्डाचा नंबर टाकतो, पैसे जातात. ते पान कुणाचं होतं हे बघतंय कोण?

हे समजावून सांगताना ती थेट जनावरांच्या बाजारात जायची. तिच्या लहानपणी बाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल दोघांची बोटं दाबून भाव ठरवायचा. पण दलाल दोन प्रकारचे. एक जण भाव ठरला की रुमाल झटकून मेंढीवाल्याला पुढं ओढायचा आणि घेणाऱ्याच्या हातात त्याचा हात द्यायचा. मेंढी घरी जाऊन आजारी पडली तर कुणाच्या दारात जायचं ते माहीत. दुसरा पैसे स्वतःच्या कमरेच्या पिशवीत घालायचा, म्हणायचा, थांबा, आणून देतो. ती मेंढी कुणाची, कुठली, काही पत्ता नाही. मोबाइलवरसुद्धा अगदी हेच, ती म्हणायची. काही कंपन्या तुमच्या कार्डाचे पैसे नुसते दुकानापर्यंत पोचवतात, दुकानाचं नाव सोबत चालतं. माल आला नाही तर बँक त्या नावाला धरू शकते. काही ठिकाणी मात्र कार्डाचे पैसे आधी वॉलेटमध्ये जातात आणि वॉलेटमधून दुकानाला. तिथं बँकेच्या लेखी तुम्ही फक्त वॉलेट भरलं, आणि ते पूर्ण भरलं गेलं. मग तक्रार कशाची करणार?

समोरच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या बाईचं असंच झालं होतं. तिनं पार्लरसाठी खुर्ची मागवली, वॉलेटनं दिले तर थोडी सूट मिळत होती म्हणून वॉलेट कार्डानं भरलं आणि त्यातून पैसे दिले. खुर्ची आलीच नाही. कौसामावशीनं सगळं ऐकलं, मोबाइल उलटसुलट बघितला आणि तिचा हात धरून सांगितलं की कार्डाचा धागा तुटलाय बाई, वॉलेटवाल्याकडं भांडू, पण बँक काही करणार नाही. दोघी मिळून भांडल्या. पैसे आले नाहीत. मावशीला ते फार लागलं. पुढं किती तरी दिवस केस धुवायलासुद्धा ती त्याच पार्लरमध्ये जायची, आणि सांगायची की मला घरी पाणी येत नाय.

आता माझ्यावर येतो. मी शेंद्र्याकडच्या एका शाळेत शिकवतो. बहुतेक मुलींचे वडील एमआयडीसीत कंत्राटावर, थोडे शेतीवाले, थोडे मेंढरांवाले. तिरंदाजी आम्ही बांबूच्या धनुष्यांवर सुरू केली आणि पोरी अशा काही लागल्या की मीच थक्क. त्यातही अंजुम. शिडशिडीत अंग, बोलायचं नाव नाही, पण दोरी ओढून श्वास धरला की मैदानावर कावळासुद्धा ओरडू नये असं वाटायचं. पण बांबूवर एका मर्यादेपर्यंतच जाता येतं. थंडीत विभागाची निवड होती आणि तिथं धातूच्या मुठीची खरी धनुष्यं लागणार होती. पालकांनी दर महिन्याला थोडं थोडं द्यायचं, आणि तोवर सगळी रक्कम माझ्या क्रेडिट कार्डावर, असं ठरलं. मुख्याध्यापक म्हणाले, मास्तर, अंगावर घेताय खरं, पण निभावलं नाही तर मी तिरंदाजी बंद करीन, पालकांच्या पैशाचं लचांड शाळेला नको. मी म्हटलं, करा की. जिभेला हाड नाही माझ्या, असं बायको म्हणते ते उगीच नाही.

सहा धनुष्यं मागवली. बाहेरच्या शहरातलं एक दुकान, वेबसाइट झकपक, फोनवर बोलणारा माणूस साखरेसारखा गोड. नवरात्रात खोकं आलं. लांबलचक, तपकिरी, चहूबाजूंनी टेप. शाळेत आनंदीआनंद! मी ताबडतोब कौसामावशीला फोन लावला. धनुष्यांवर तिचा मुलींहून जास्त जीव. किती तरी वेळा माझ्या मागं बसून, फटफटीवरून जालना रोडनं ती मैदानावर आली होती आणि प्रत्येक बाणाला टाळी वाजवली होती. फोनवर ती इतकी हरखली की मला मधे बोलूच देईना. म्हणाली, "उघडू नको. खंडेनवमी चार-पाच दिवसांवर आली. हत्यार पूजेआधी उघडत नसतेत. आमच्याकडं नवी लोकर कातरायची कात्री बी नवमीपतोर कापडातनं बाहेर निघायची नाय." पालकांना विचारलं, तर सगळे म्हणाले, मावशी बरोबर बोलल्या. मग खोकं कार्यालयात कपाटावर गेलं. सही शिपाईकाकांनी केली होती. वजन केलं का, हे तिनं विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नसेल.

नवमीला शाळेत जत्रा. प्रमुख पाहुणी अर्थात कौसामावशी, हिरवंगार लुगडं नेसून. बांबूची धनुष्यं मांडली, शेजारी ते खोकं. खोक्याला कुंकवाची बोटं लावली, झेंडू वाहिला, नारळ फुटला. अंजुमचे वडील कारखान्यातून पाळी बदलून आले होते आणि आखातातल्या भावाला दाखवायचं म्हणून सगळं मोबाइलवर घेत होते. मग टेप कापायचा मान अंजुमला. तिनं टेप कापली, पुठ्ठा उचलला, आणि आतून निघाली खेळण्यातली प्लॅस्टिकची धनुष्यं. लाल, पिवळी, टोकाला रबराच्या वाट्या असलेले बाण. कुणी हललं नाही. पहिलीतल्या एका चिमुरडीनं तेवढा आनंदानं एक बाण उचलून फळ्याला चिकटवला. मी अंजुमकडं बघितलं. ती रडली नाही, नुसती टेप बोटाला गुंडाळत राहिली. तिचं ते बोट बघून मला जे झालं ते लिहिता येणार नाही. मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला.

दुकानदाराचा फोन बंद. ज्या निळ्या पानावर कार्डाचा नंबर टाकला होता त्या कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की आम्ही फक्त पैसे पोचवतो, मालाचं दुकानाशी बोला. बँकेला फोन केला, तर पलीकडच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की सर, तुमचे पैसे ह्या कंपनीला गेलेत, कंपनीनं तिची सेवा दिलेली आहे, त्यामुळं तक्रार घेता येत नाही. तिघंही एकमेकांकडं बोट दाखवून मोकळे. तेव्हा मला पार्लरवाली आठवली. मी कार्डानं दिले होते, की घाईघाईत त्या पानावरचं वॉलेटचं बटण दाबलं होतं? शप्पथ सांगतो, मला आठवत नव्हतं.

कौसामावशीनं माझ्या हातून मोबाइल घेतला. कार्डाचा हिशेब उघडला, ती एक ओळ बोटांनी ताणून मोठी केली. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत त्या मधल्या कंपनीचं नाव. मी म्हटलं, बघा, हेच ते, दुकानाचं नावच नाही. ती म्हणाली, "चांदणीच्या पुढं वाच." कंपनीच्या नावानंतर एक छोटी चांदणी होती, जिच्याकडं आपण कधी ढुंकूनही बघत नाही. आणि चांदणीच्या पुढं, अर्ध्यात तुटलेलं, पण स्पष्ट, त्या धनुष्यवाल्या दुकानाचं नाव! मावशीनं मांडीवर अशी थाप मारली की स्वयंपाकघरातून माझी बायको धावत आली. वॉलेट नव्हतं. धागा शाबूत होता. मधला हा हातात हात देणारा होता, आणि त्यानं दुकानदाराचा हात त्या चांदणीच्या पलीकडं आणून ठेवला होता.

मग तिनं बँकेला फोन लावला. स्पीकरवर. मी, बायको, बातमी ऐकून आलेली पार्लरवाली बाई, सगळे श्वास रोखून. पलीकडं पुन्हा तीच नम्र मुलगी, पुन्हा तेच वाक्य. मावशी आवाज न चढवता म्हणाली की बाई, तू काही चूक करत नाहीस, तुला पडद्यावर पहिलंच नाव दिसतंय, जरा चांदणीच्या पुढं वाच. पलीकडून एकेक अक्षर ऐकू यायला लागलं. मुलगी वाचत होती आणि वाचता वाचता तिचाच आवाज बदलत गेला. ती म्हणाली, मॅडम, एक मिनिट. त्या मिनिटात आम्ही चौघांनी देव पाण्यात ठेवले. मुलगी परत आली आणि म्हणाली की तक्रार दाखल करून घेते, ऑर्डरचा मेल आणि त्यातला व्यवहार क्रमांक पाठवा. मावशीनं फोन ठेवला आणि पंखा मोठा करायला सांगितला.

थोड्याच दिवसांत कार्डावर रक्कम परत दिसली. मी पेढे घेऊन जिना तीन-तीन पायऱ्या ओलांडत चढलो. तिनं पेढ्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, तात्पुरती आहे रे, बँकेनं धीर म्हणून दिलीय, आता दुकानदाराला बोलायची पाळी असते, पेढे फ्रीजमध्ये ठेव. आणि दुकानदार बोलला. बेइमान माणूस बंद फोनच्या मागं बसून नीट विचार करत होता. त्याचं उत्तर मधल्या कंपनीतर्फे बँकेकडं आणि बँकेकडून आमच्याकडं आलं: माल शाळेत पोचला, ही सही, आमच्या नियमाप्रमाणे दोन दिवसांत तक्रार करायची असते, ग्राहकानं पाच दिवस तोंड उघडलं नाही, मधल्या दिवसांत आतला माल कुणी बदलला आम्हाला काय ठाऊक.

मी ते मोठ्यानं वाचलं आणि वर बघितलं. कौसामावशी काट्याकडं बघत होती. इतकी वर्षं तिला ओळखत होतो, पण असा तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. म्हणाली, "पाच दिवस मी ठिवायला सांगितलं, मास्तर. जगाला वजन करायला सांगते आन् पोरींच्या टायमाला मला कुंकू सुचलं." मी काहीतरी बोलायला गेलो, तर तिनं हात केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन माझ्या दारात. मला शेंद्र्याला घेऊन चल, पोरींना आणि त्यांच्या आईबापाला मला सांगायचंय की चूक माझी आहे, तुझी नाही. मी म्हटलं, काही गरज नाही. ती फटफटीच्या मागं जाऊन बसलीसुद्धा.

शाळेत त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला आधीच बोलावून ठेवलं होतं. बँकेचा निकाल उलटा गेला तर तिरंदाजी बंद, सामान कुलपात, असं त्यांनी सांगितलं. वाईट माणूस नाही तो, पण घाबरट. मैदानावर पालक जमले होते. कौसामावशी उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं, लपवाछपवी नाही, रडारड नाही. लोक खाली बघत होते. शेवटी अंजुमचे वडील पुढं आले. म्हणाले, मावशी, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता, आम्ही सगळ्यांनीच तर हो म्हटलं होतं. आणि तिला जरा हसवावं म्हणून त्यांनी मोबाइल काढला. नारळ फुटला तेव्हा तुम्ही कशा दचकला होता, हे बघा.

मावशी बघायला लागली. आधी तोंडदेखलं हसली. मग हसू थांबलं. म्हणाली, "थांबव. मागं घे." त्यांनी मागं घेतलं. "अजून मागं. कुंकवाची बोटं दाखव." आम्ही सगळे वाकलो. अंजुमच्या वडलांनी पूजा घेताना कुंकवाच्या बोटांवर मोबाइल अगदी जवळ नेला होता. आणि बोटांच्या खालीच कुरिअरची चिठ्ठी. पार्सलचा क्रमांक. त्याखाली, दुकानदाराच्या गावी खोकं उचललं तेव्हाच छापलेलं वजन. दोन किलोसुद्धा नाही! एका खऱ्या धनुष्याचं वजन दुकानदारानं स्वतःच वेबसाइटवर दिलेलं होतं. तसली सहा सोडा, दोनसुद्धा त्या वजनात बसली नसती. आणि मोबाइल कुठंही बंद झाला नव्हता. चहूबाजूंची अभंग टेप, कुंकू, नारळ, अंजुमची कात्री, आत प्लॅस्टिक, सगळं सलग. खुद्द मुख्याध्यापक त्यात हात जोडून उभे.

त्यानंतर तिचं जे झालं ते बघण्यासारखं होतं. साठी उलटलेली बाई मैदानावर अक्षरशः गोल फिरली. एवढा मोठा पंचनामा कुठल्या पोलिसानं केला असता, म्हणाली, गाव सगळं साक्षीला, वर देवी. खोकं आधीच उघडलं असतं तर एकट्या मास्तरनं कार्यालयात कोपऱ्यात उघडलं असतं आणि त्याचं कोण ऐकणार होतं? मग तिनं ती खेळणी खोक्यासकट आपल्या पिशवीत घातली आणि मला म्हणाली, घरी चल, काट्यावर लावायचंय. चिठ्ठीवरचं वजन आणि काट्यावरचं वजन तंतोतंत सारखं निघालं. तिनं काट्याला हात जोडले.

बँकेला उत्तर तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. चार ओळी होत्या. मी बरंच रागाचं घालू बघत होतो, तिनं सगळं खोडायला लावलं. शेवटचं वाक्य तिचं होतं: पोचलं म्हणजे मिळालं नव्हे. मी म्हटलं, मावशी, बँकेला असं लिहितात का? ती म्हणाली, मी तिथं वाचत बसलेली असते तर मला कळलं असतं. व्हिडिओ जोडला, चिठ्ठीचा फोटो जोडला, वेबसाइटवरच्या वजनाचा फोटो जोडला. आणि मग वाट. ते दिवस मी कसे काढले! वर्गात हजेरी घेताना एकाच मुलीचं नाव दोनदा पुकारायचो. मैदानावर बांबूची धनुष्यं चालू होती आणि अंजुम रोज सगळ्यांच्या आधी येऊन लक्ष्याची गवताची चकती उभी करायची. एक शब्द विचारायची नाही, तेच मला सोसत नव्हतं.

निरोप आला तेव्हा मी फळ्यावर खो-खोचं मैदान काढत होतो. रक्कम कायमची परत. दुकानदाराचं म्हणणं फेटाळलं. मी खडू फेकला, फटफटीला लाथ मारली आणि भर दुपारी जालना रोडनं सुटलो. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला बोलायला श्वास नव्हता, पण तिला माझ्या तोंडावरून कळलं. ती आत गेली आणि फ्रीजमधून पेढे घेऊन आली. दगड झाले होते. आम्ही दोघांनी ते कडाकडा चावून खाल्ले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, दात दुखायला लागला. कसला दात! मला काय कळत नव्हतं का.

नवी धनुष्यं आम्ही स्वतः जाऊन आणली, दुकानात उभं राहून, हातात घेऊन. तरी तिनं ती घरी येताच काट्याला लावलीच. थंडीत अंजुम विभागात निवडली गेली. तो शेवटचा बाण सुटला तेव्हा कौसामावशी टाळी वाजवायची विसरली. नुसती माझ्या दंडाला धरून उभी होती, आणि तिच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत माझ्या दंडावर होते.

त्यानंतर तिला दोन नवरात्रं मिळाली. गेल्या वैशाखात, दुपारी जेवून पडली ती उठली नाही. पुण्याहून मुलगा आला. घर आवरताना त्यानं विचारलं, सर, आईची आठवण म्हणून काही घेणार का? मी चौकटीकडं बघितलं. त्यानं काटा खिळ्यासकट काढून दिला. दुसऱ्या दिवशी एक पार्सलवाला आला, जुना. बंद दार बघितलं, वर चौकटीतलं खिळ्याचं भोक बघितलं आणि माझ्या दारात येऊन म्हणाला की सर, सही नको, आधी वजन करा. मी काटा धरला, त्यानं पिशवी अडकवली. दोघांनाही रेघ नीट दिसत नव्हती.

आमच्या शाळेत आता खंडेनवमीचा दस्तूर बदललाय. सामान आलं की आधी तोलायचं, मग सगळ्यांसमोर उघडायचं, कुणीतरी मोबाइलवर घ्यायचं, आणि मग पूजा. यंदा नव्या बाणांचं खोकं आलं होतं. अंजुम आता कॉलेजला असते, पण नवमीला येते. तिनंच खोकं काट्याला लावलं, वजन मोठ्यानं वाचलं, टेप कापली. सगळं बरोबर निघालं. मग धनुष्यं मांडली, बाण मांडले आणि मधोमध तिनं तो गंजका ताणकाटा ठेवला.

कुंकवाची वाटी पाचवीतल्या एका नव्या मुलीच्या हातात होती. तिनं मावशीला कधी पाहिलेलं नव्हतं. ती थबकली आणि विचारायला लागली की आज तर हत्यारांची पूजा आहे ना, मग ह्यात काटा कशाला?

"हे कौसामावशीचं हत्यार आहे," अंजुम म्हणाली. "आधी ह्याला लाव."